पहिला डाव कुठल्या आवृत्तीने मांडायचा?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही पाच जण आहात, सगळे सोलापूरचे, आणि ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (टेबलाभोवती बसून, फासे टाकून, आपापलं पात्र वठवत खेळायचा गोष्टीचा खेळ) पहिल्यांदाच खेळणार आहात. डन्जन मास्टर, म्हणजे गोष्ट आणि राक्षस चालवणारा, तूच होणार आहेस. मामेभावाने घर बदलताना साडेतीन आवृत्तीची तीन जाडजूड पुस्तकं तुला फुकट दिली आहेत. एक मित्र याच खेळावरचा ‘बाल्डर्स गेट ३’ हा व्हिडिओ गेम संपवून बसलाय, त्याला पाचवीच हवी. एक मैत्रीण म्हणते, १९८१ ची जुनीच सगळ्यांत सोपी. उरलेल्या दोघांनी स्पष्ट सांगितलंय की खेळायला येऊ, पण इंग्रजी पुस्तक वाचणार नाही. आणि पाचवीच घ्यायची तर २०१४ ची की २०२४ ची, हा तुझा स्वतःचा घोळ. मला दादा म्हणून विचारलंस, म्हणून तू म्हणूनच सांगतो.

पाचवी घे. २०१४ चे मोफत मूलभूत नियम, चारच क्लास (पात्राचे प्रकार), पहिली लेव्हल. घरात आलेली पुस्तकं सध्या कपाटात ठेव.

आता कारण. कुठली आवृत्ती ‘चांगली’, यावर लोक वर्षानुवर्षं भांडतात आणि सगळेच आपापल्या जागी बरोबर असतात. पण नवीन टेबलासाठी तो प्रश्नच कामाचा नाही. प्रत्येक आवृत्तीत नियमांचं एक ओझं असतं आणि ते कुणाच्या ना कुणाच्या खांद्यावर पडतंच. काहींत ते मास्टरच्या डोक्यावर असतं, काहींत खेळाडूंच्या वाचनावर, काहींत दोघांवरही. तुझ्या टेबलावर ओझं उचलायला तयार कोण आहे, एवढंच बघायचं. तुझ्याकडे पाचांतले दोघं वाचणार नाहीत, एकाला व्हिडिओ गेममुळे अर्धं येतं, आणि तू स्वतः पहिल्यांदा चालवणार. हे चित्र समोर ठेवून पुढचं वाच.

मी हे शिकलो ते सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मित्राच्या माळ्यावर. २००५-०६ च्या सुमाराची गोष्ट. खाली माग चालू, वर आम्ही सहा जण सतरंजीवर, मध्ये साडेतीनच्या पुस्तकांच्या झेरॉक्स. पात्रं बनवण्यातच अडीच तास गेले. मग एकदाचा खेळ सुरू झाला आणि समोर पहिला गॉब्लिन, म्हणजे एक बुटका राक्षस, आला. आमच्यातला एक जण रोज तालमीत जायचा. तलवार उपसायच्या ऐवजी तो म्हणाला, “मी त्याला कमरेत धरतो आणि धोबीपछाड मारतो.” टेबलावरचे सगळे खूश झाले. या खेळाचं सगळं सुख त्या एका वाक्यात आहे, कारण व्हिडिओ गेममध्ये ते बटणच नसतं.

आणि मी पुस्तक उघडलं. साडेतीनमध्ये कुणाला धरायचं म्हणजे काय काय होतं बघ. तू धरायला गेलास की आधी गॉब्लिनला तुझ्यावर एक फुकटचा वार मिळतो. तो वार लागला आणि इजा झाली, तर तुझा प्रयत्न तिथंच संपला. वाचलास तर नुसतं ‘हात लावण्यासाठी’ वेगळा फासा, ज्यात त्याच्या चिलखताचा आकडा धरायचा नाही. हात लागला तर दोघांनी समोरासमोर फासे टाकायचे, त्यात लढाईचा बोनस, ताकदीचा बोनस आणि अंगकाठीचा हिशोब. गॉब्लिन लहान म्हणून त्याला उणे चार. तू जिंकलास तर धरलं, पण मग तुला पटावरच्या त्याच्या चौकोनात शिरायचंय, आणि शिरताना आजूबाजूचे बाकीचे गॉब्लिन वार करू शकतात. एवढ्याला मला चाळीस मिनिटं लागली. खालचा माग मध्ये दोनदा थांबून परत सुरू झाला. तो मित्र शेवटी म्हणाला, “अरे, खऱ्या कुस्तीला एवढा वेळ लागत नाही.” पुढच्या रविवारी तो आला नाही, त्यानंतरही कधी आला नाही. त्याचं वाईट मला आजही वाटतं. दोष त्या आवृत्तीचा नव्हता. ती मी त्या टेबलावर आणली, चूक ती होती.

तेव्हापासून कुठलीही आवृत्ती हातात आली की मी आधी तोच गॉब्लिन बाहेर काढतो आणि त्याला धरून बघतो. १९८१ च्या बेसिकमध्ये धरण्याचा वेगळा नियमच नाही. मास्टरने ठरवायचं. मी म्हणेन, वीस बाजूंचा फासा टाक, तुझ्या ताकदीच्या आकड्याइतका किंवा कमी पडला तर धरलास. झालं. चौथ्या आवृत्तीत तुझी ताकद विरुद्ध त्याची चपळाई, एकच फासा. पाचवीत, २०१४ च्या नियमांत, एक वार सोडून त्याऐवजी धरायचं: तू फासा टाकून अंगमेहनतीचा बोनस मिळव, त्याने सुटण्यासाठी फासा टाकावा, तुझा आकडा मोठा आला तर तो जागचा हलू शकत नाही. पहिल्या लेव्हलच्या दणकट फायटरला अधिक पाच मिळतात, गॉब्लिनला अधिक दोन. टेबलावरच्या माणसाला हे एका दमात सांगता येतं. आणि २०२४ मध्ये तेही बदललं: आता तू काहीच टाकत नाहीस. आठ, अधिक तुझी ताकद, अधिक तुझा सरावाचा बोनस, म्हणजे त्याच फायटरसाठी तेरा. गॉब्लिनने तेरा गाठले तर सुटला.

ही एवढी एक कसोटी लावली तरी आवृत्त्यांचा स्वभाव कळतो.

थोडा इतिहासही सांगतो, कारण ‘पाचवी’ म्हटलं की बहुतेकांना वाटतं, पहिल्या चार जुन्या होऊन बाद झाल्या. तसं नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ मध्ये पहिला खेळ काढला. त्यानंतर एकाच वेळी दोन घराणी चालली. एक ‘अॅडव्हान्स्ड’, १९७७ ते १९७९ मध्ये आलेलं, तक्त्यांनी भरलेलं. त्याची दुसरी आवृत्ती १९८९ ला आली. दुसरं ‘बेसिक’, ज्याची १९८१ ची पेटी तुझी मैत्रीण म्हणतेय. १९९७ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्टने मूळची टीएसआर कंपनी विकत घेतली, २००० मध्ये तिसरी आवृत्ती आली, २००३ मध्ये तिचीच दुरुस्त साडेतीन, २००८ ला चौथी, २०१४ ला पाचवी. २०२४ च्या पुस्तकांवर ‘सहावी’ असं लिहिलेलं नाही. ती पाचवीचीच सुधारलेली रूपं आहेत, आणि तुझा घोळ झालाय तो तिथेच.

त्या घोळाबद्दल आता. २०१४ आणि २०२४ दोन्ही चालतात, २०१४ च्या मोहिमा २०२४ च्या नियमांनी खेळता येतात. पण पहिल्या डावात दोन्ही एकत्र करू नकोस. नावं तीच आणि आकडे वेगळे, हे नवीन माणसाला फार छळतं. जखम भरणारा पहिल्या पायरीचा मंत्र घे. २०१४ मध्ये आठ बाजूंचा एक फासा, २०२४ मध्ये दोन. औषधाची बाटली पिणं २०१४ मध्ये पूर्ण कृती, म्हणजे त्या पाळीत वार नाही. २०२४ मध्ये ती बोनस कृती, पिऊन वारही करता येतो. तुझा ‘बाल्डर्स गेट’वाला मित्र पहिल्याच लढाईत बाटली पिऊन तलवार मारेल आणि तू नाही म्हटलंस की वाद घालेल, कारण तो गेम २०१४ च्या नियमांवर उभा असला तरी बाटलीपुरती सूट त्यात आहे. ती सूट तुला आवडली तर दे. पण डाव सुरू व्हायच्या आधी दे, मध्येच नको.

मग मी २०२४ का सांगत नाही? नियम म्हणून ती बऱ्याच ठिकाणी जास्त घोटीव आहे. नवं पुस्तक विकतच घ्यायचं असेल आणि सगळे वाचणारे असतील तर मी तीच सांगितली असती. पण तिच्यात पहिल्या लेव्हलपासूनच खेळाडूला जास्त निवडायचं आणि लक्षात ठेवायचं असतं. फायटरला तीन शस्त्रांची खास कौशल्यं मिळतात; एका शस्त्राने शत्रू ढकलला जातो, दुसऱ्याने आडवा होतो, तिसऱ्याने आणखी काही. पात्राची पार्श्वभूमी निवडली की तिच्याबरोबर एक जादा खास क्षमता येते. जो वाचतो त्याला यात मजा आहे. तुझे ते दोघं न वाचणारे दर पाळीला तुझ्याकडे बघतील, आणि त्यांच्या शस्त्रांचं ओझंही तुझ्याच डोक्यावर येईल. २०१४ च्या मोफत मूलभूत नियमांत चार क्लास आहेत: फायटर (लढवय्या), रोग (इंग्रजी ‘Rogue’, म्हणजे चोरटा), क्लेरिक (देवाचा पुजारी), विझर्ड (जादूगार). वंशही चारच: माणूस, एल्फ, ड्वार्फ, हाफलिंग. पहिल्या लेव्हलच्या फायटरला शस्त्र चालवण्याची एक ढब आणि लढता लढता एकदा दम घेऊन थोडी जखम भरून काढणं, बस, एवढंच लक्षात ठेवायचंय. त्या दोघांना फायटर आणि रोग दे. विझर्ड गेमवाल्या मित्राला, क्लेरिक मैत्रिणीला.

मैत्रिणीचं म्हणणं मात्र हलक्यात घेऊ नकोस. १९८१ ची बेसिक मला स्वतःला फार प्रिय आहे. ‘ओल्ड-स्कूल इसेन्शिअल्स’ या नावाने तेच नियम २०१९ मध्ये नव्याने नीट मांडले गेले आणि त्यांची मूलभूत पुस्तिका मोफत मिळते. दहा मिनिटांत पात्र तयार. तिच्यात राक्षस मारण्यापेक्षा खजिना बाहेर काढण्याला जास्त मोल आहे, एका सोन्याच्या नाण्याला अनुभवाचा एक गुण, त्यामुळे खेळाडू लढाई टाळायला शिकतात, बोलतात, पळतात, दार कसं उघडायचं यावर डोकं चालवतात. समोर आलेला प्राणी शत्रू की मित्र हेही दोन फासे टाकून ठरतं. दोन आले तर अंगावर धावून येतो, बारा आले तर दोस्ती.

पण दोन गोष्टी तुझ्या आड येतील. पहिली, मरण. बेसिकच्या विझर्डला चार बाजूंच्या फाशावर हिट पॉइंट (किती इजा सोसेल तो आकडा) मिळतात आणि दिवसाला एकच मंत्र. समज दोन हिट पॉइंट मिळाले. गॉब्लिनचा वार सहा बाजूंच्या फाशाचा. लागलेल्या सहा वारांपैकी पाचांत तो विझर्ड मरतो, आणि शून्यावर गेला म्हणजे गेला. पाचवीत शून्यावर पात्र बेशुद्ध पडतं, मग दर पाळीला फासा, तीनदा जमलं तर वाचलं, तीनदा फसलं तर गेलं. मधल्या वेळात सोबती धावून येऊ शकतात. ‘बाल्डर्स गेट’ खेळून आलेल्या मुलाने हौसेने बनवलेला विझर्ड पहिल्या वीस मिनिटांत मेला तर तो हसून दुसरा बनवेल का? ते तुला ठाऊक, मला नाही.

दुसरी जास्त महत्त्वाची. बेसिकमध्ये पुस्तक गप्प असतं तिथे मास्टरने बोलायचं असतं. कुस्तीचा नियम नाही, उडी मारण्याचा नाही, पुजाऱ्याला पटवण्याचा नाही. बरीच वर्षं चालवलेल्या माणसाला ती मोकळीक वाटते. पहिल्यांदा बसलेल्या माणसाला दर पाच मिनिटांनी निवाडा द्यायचा असतो आणि तो निवाडा मागच्या निवाड्याशी जुळला पाहिजे. म्हणजे खेळाडूंचं ओझं जवळपास शून्य, आणि सगळं तुझ्या खांद्यावर. पाचवीत तुझ्या हातात एक ठरलेलं हत्यार राहतं: काय करायचंय ते सांगा, वीस बाजूंचा फासा टाका, बोनस मिळवा, मी ठरवलेला आकडा गाठा. परिस्थिती बाजूची असेल तर दोन फासे टाकून मोठा धरा, विरुद्ध असेल तर दोन टाकून लहान. अकरा किंवा जास्त हवे असतील तर एका फाशाने पन्नास टक्के, दोनांतला मोठा धरला तर पंच्याहत्तर. साडेतीनमध्ये याच ठिकाणी अधिक एक, अधिक दोन, उणे चार असे सात-आठ तुकडे जोडावे लागायचे, आणि कुठला तुकडा कुठल्या तुकड्यावर चढत नाही याचे वेगळे नियम. नवीन मास्टरला पाचवीने दिलेली सगळ्यांत मोठी मदत माझ्या मते हे दोन फासे आहेत.

चौथीबद्दल फार वाईट ऐकलं असशील. माझं मत तसं नाही. मास्टरला तिच्याइतकी सोपी आवृत्ती मी दुसरी चालवलेली नाही. राक्षसाला काय करता येतं ते सगळं त्याच्याच चौकटीत छापलेलं. पण तिथं ओझं खेळाडूंवर, प्रत्येकाच्या हातात डावपेचांची यादी, आणि चौकोनांच्या पटाशिवाय ती चालत नाही. पाथफाइंडरही विचारशील; तो साडेतीनमधूनच निघालेला वेगळा खेळ, त्याच्या दुसऱ्या आवृत्तीचे नियम अधिकृतपणे ऑनलाइन मोफत वाचायला आहेत, शिस्तशीर आहेत, पण पाचही जणांनी वाचलं तरच. तुझ्याकडे तसं नाही. ‘अॅडव्हान्स्ड’ची दोन्ही रूपं नंतर कधीतरी कुतूहल म्हणून वाच. चिलखत जितकं चांगलं तितका आकडा लहान, असा उलटा हिशोब पहिल्या दिवशी कुणाला समजावत बसू नकोस.

आता त्या दोघांचं, ज्यांना इंग्रजी वाचायचं नाही. लोक आवृत्ती निवडताना हे धरतच नाहीत, आणि आपल्या गावात ते पहिलं धरायला हवं. टेबलावर कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या तेलुगू, कुणाच्या कन्नड, इंग्रजी शाळेपुरतं. पाचवीचा एक मोठा फायदा इथे आहे. २०१४ च्या नियमांचा मूळ संदर्भग्रंथ, ज्याला एसआरडी ५.१ म्हणतात, तो जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोकळा झाला. म्हणजे मूळ श्रेय लिहून आणि बदल केल्याचं सांगून तू त्याचं मराठी करू शकतोस, झेरॉक्स काढून वाटू शकतोस. मोफत मूलभूत नियमांची पुस्तिका वेगळी आहे, तिला हा परवाना नाही. भाषांतर एसआरडीवरूनच कर. २०२४ च्या नियमांचा ग्रंथही २०२५ मध्ये त्याच परवान्यात आला, तेव्हा पुढे हवं तर त्याचंही करता येईल.

सगळं भाषांतर करायच्या भानगडीत पडू नकोस. पात्राचा एकच कागद मराठीत कर. माझ्या कागदावर सहा गुण असे आहेत: बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण, छाप. शेवटचा शब्द ठरवायला मला वर्ष लागलं. आधी ‘आकर्षकता’ लिहिलं होतं, तर प्रत्येक जण देखणा आहे की नाही यावर बोलायला लागला. मग एका रविवारी एक जण सहज म्हणाला, “त्या सरदाराची गावात छाप आहे,” आणि तो शब्द कायमचा बसला. ‘हिट पॉइंट’, ‘लेव्हल’, ‘क्लास’ तसेच ठेव. ते सगळ्यांना येतात, त्यांचं मराठी केलं की उलट अडखळतात. आणि मंत्रांची चिठ्ठी वेगळी कर, एका मंत्राला एक चिठ्ठी, दोन ओळींत काय होतं ते. क्लेरिकने मंत्र वापरला की पात्राच्या कागदावर एक खूण करायची, किती खर्च झाले ते दिसतं.

बाकी सामान म्हणशील तर फाशांचा एक संच सगळ्यांत पुरे, चार ते वीस बाजूंचे. तो मिळेपर्यंत मोबाइलवर टाका. हिट पॉइंटसाठी मी चिंचोके वापरतो. इजा झाली की खेळाडूने स्वतःच्या हाताने चिंचोके मधल्या वाटीत टाकायचे, खोडरबरने खोडण्यापेक्षा ते जास्त लागतं. राक्षस म्हणून सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत मिळणारे प्लॅस्टिकचे प्राणी आहेत माझ्याकडे; एका वाघाने आजवर चार वेगवेगळे राक्षस वठवलेत.

आणि पहिली जागा परदेशी गुहा घेऊ नकोस. नळदुर्ग घे. शाळेच्या सहलीला तुमच्यातले बहुतेक जण गेले असणार. बोरी नदीच्या बांधाच्या पोटातला पाणीमहाल, समोरून पाणी कोसळतंय, आतल्या खोलीतून बाहेरचं काही ऐकू येत नाही. वर्णन तुला करावं लागणार नाही, ते त्यांच्या डोळ्यासमोरच आहे. वरच्या खोलीत दोन गॉब्लिन पहाऱ्याला, खाली तीन, आणि बंद दारामागे काय ते तू ठरव. गॉब्लिनच्या चिलखताचा आकडा पंधरा, हिट पॉइंट सात. अधिक पाचवाला फायटर दहा किंवा जास्त टाकला की वार लागतो, म्हणजे वीसपैकी अकरा वेळा. लढाई दहा-पंधरा मिनिटांत संपते, आणि तीन तासांत पाणीमहाल होतो.

मध्येच एखादा नियम आठवला नाही तर पुस्तक उघडू नकोस. आकडा ठरव (सोपं असेल तर दहा, बरं अवघड असेल तर पंधरा), फासा टाकायला सांग, वहीत खूण कर आणि घरी जाऊन बघ. पुढच्या रविवारी आल्याआल्या सांग की खरा नियम असा आहे, आता असं खेळू.

तिसऱ्या लेव्हलला पोचलात की सगळे मिळून पुन्हा ठरवा. तोवर त्या दोघांतला एक जण तरी पुस्तक मागेल, असा माझा अनुभव आहे. मागितलं तर २०२४ वर जा, सगळे एकाच दिवशी, पात्रं नव्या कागदावर उतरवून. कुणी मागितलं नाही आणि तुला निवाडे द्यायची सवय झाली असेल, तर मैत्रिणीची १९८१ ची बेसिक काढ; तेव्हा ती तुला झेपेल.

मामेभावाची पुस्तकं कुणाला देऊन टाकू नकोस. साडेतीनमधली राक्षसांची चित्रं आणि मास्टरच्या पुस्तकातले सापळे कुठल्याही आवृत्तीत चालतात. सापळ्याचं वर्णन उचल, आकडे पाचवीचे घाल. पाणीमहालातल्या त्या बंद दारासाठी एखादा तिथूनच घे.